अळीला बसलेला झटका पतंगाला आठवतो का?

कोषात गेलेली अळी आतल्या आत विरघळते, तिचा रस होतो आणि त्या रसातून फुलपाखरू घडतं, असं आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी कुणी तरी सांगितलेलं असतं. सांगायला सोपं, ऐकायला गमतीचं. पण मग अळीच्या मेंदूचं काय? तोही विरघळत असेल, तर अळी आयुष्यात जे काही शिकली ते सगळं कोषातच संपायला हवं आणि बाहेर पडणाऱ्या जिवाची पाटी कोरी हवी.

हे तपासून बघता येतं. अमेरिकेत वॉशिंग्टन डी.सी.च्या जॉर्जटाउन विद्यापीठात डग्लस ब्लॅकिस्टन, एलेना सिल्वा केसी आणि मार्था वाइस यांनी ते तपासलं आणि मार्च २००८मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. अमुक वास आला की झटका बसतो हे अळीला शिकवायचं, तिला कोषात जाऊ द्यायचं, आणि बाहेर आलेला पतंग तो वास टाळतो का ते बघायचं. कल्पना एवढीच. पण ती पार पाडताना ज्या पळवाटा बुजवाव्या लागल्या, त्यातच या प्रकरणाची खरी गंमत आहे. पुढे पंधरा वर्षांनी फळमाशीच्या मेंदूवर झालेल्या एका कामाने या निष्कर्षाची चांगलीच अडचण केली. म्हणजे खटला अजून चालूच आहे.

अळी कोणती, आणि तिची आपल्याकडची नातलग

प्रयोगासाठी घेतली ती मॅन्ड्युका सेक्स्टा, तंबाखूवरची शिंगवाली अळी. तिचं फुलपाखरू होत नाही, पतंग होतो. अंडं, अळी, कोष आणि पंखवाला कीटक हा क्रम मात्र दोघांचा एकच, आणि आतली यंत्रणाही तीच. अमेरिकेत तंबाखू आणि टोमॅटोच्या शेतकऱ्याला ही अळी नकोशी, तर कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळांची ती लाडकी. कारण आकार. अंड्यातून निघताना तिचं वजन एक मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि कोषात जाण्याआधी ते दहा ग्रॅमपर्यंत जातं. दहा हजार पट वाढ, तीही तीनेक आठवड्यांत. या काळात ती चार वेळा कात टाकते, म्हणजे अळीच्या पाच अवस्था होतात. एवढ्या मोठ्या किड्याला भूल देता येते, कापता येतं, त्याच्या एकेका चेतापेशीचा माग काढता येतो. वाटाण्याएवढ्या किड्यात हे जमत नाही.

मॅन्ड्युका सेक्स्टा अमेरिकेतली. पण तिच्याच कुळातली एक अळी मुंबई-पुण्याच्या कुठल्याही सोसायटीत भेटते, तगरीवर नाही तर कण्हेरीवर. ती शोधायची असेल तर झाडाकडे बघू नका, जमिनीकडे बघा. झाडाखाली काळ्या मिरीएवढ्या, अंगावर रेघा असलेल्या लेंड्या पडलेल्या दिसल्या की मान वर करायची. बरोबर त्याच फांदीची पानं गायब झालेली असतात आणि उरलेल्या काडीला बोटाएवढी हिरवीगार अळी चिकटलेली असते. शेपटाकडे आखूडसं पिवळसर शिंग. हात लावला की ती डोकं आत ओढून घेते, मानेमागचा भाग फुगतो आणि तिथले निळे-पांढरे दोन ठिपके वटारलेल्या डोळ्यांसारखे समोर येतात. पाहुणा नवखा असेल तर हात मागे घेतोच.

मग एक दिवस हिचं खाणं थांबतं. हिरवा रंग जाऊन अंगावर तपकिरी कळा येते, आणि जी अळी आतापर्यंत फांदी सोडायला तयार नव्हती ती खाली उतरून फरशीवरून घाईघाईने चालायला लागते. माळी तिला केरात टाकतो, मुलं ओरडतात. तिला मात्र पालापाचोळ्याची एक जागा हवी असते. तिथे शिरून, चार धागे विणून ती कोष धरते. तंबाखूवरची अळी याच वेळी मातीत शिरते.

असा ताजा कोष हातात घेऊन नीट बघितला तर रसाची गोष्ट तिथेच डळमळते. वरच्या टणक कवचावर भावी पतंगाच्या मिशा, सोंड, दुमडलेले पंख यांचे उठाव पहिल्या दिवसापासून दिसतात. मॅन्ड्युकाच्या कोषाला तर सोंडेची वेगळी कडीच असते, कपाच्या कानासारखी. आणि कोषाच्या शेपटाकडच्या भागाला बोट लावलं की तो गरकन वळवळतो. आत सगळा रस झाला असेल तर वळवळलं कोण?

आत काय चालतं

सतराव्या शतकात हॉलंडच्या यान स्वामरडॅमने पूर्ण वाढलेली अळी चिरून तिच्या कातडीखाली दडलेले पंखांचे भाग दाखवले होते. ते बरोबर होतं. भावी पंखांच्या चकत्या अळीच्या अंगात आधीपासून असतात. इमॅजिनल डिस्क म्हणतात त्यांना. अळी पानं खात असते तेव्हा त्या मागे राहून हळूहळू वाढत असतात, आणि कोषाची वेळ आली की त्यांचा जोर होतो.

ही वेळ ठरवतात दोन संप्रेरकं. एक्डायसोन कात टाकायचा हुकूम देतं. ज्युवेनाइल हार्मोन अंगात भरपूर असेल तर कातीखालून पुन्हा अळीच निघते, जरा मोठी. शेवटच्या अवस्थेत अळी ठरावीक वजनाला पोचली की हे दुसरं संप्रेरक ओसरतं, आणि मग एक्डायसोनच्या त्याच हुकमाचा अर्थ बदलतो. आता निघणार तो कोष. एक्डायसोन किती थोडं असतं याची कल्पना यावी म्हणून सांगतो: जर्मनीत बुटेनान्ट आणि कार्लसन यांनी १९५४मध्ये ते पहिल्यांदा शुद्ध स्फटिकरूपात वेगळं केलं, तेव्हा रेशीमकिड्याचे ५०० किलो कोष वापरून हाती लागलं २५ मिलिग्रॅम.

कोषात मोडतोड होते यात शंका नाही. अळीचे बरेचसे स्नायू विरघळतात, पानं पचवणारं आतडं नव्याने बांधलं जातं, मांसल खोटे पाय जातात. कोष सुरुवातीच्या दिवसांत फुटला तर आतून घट्टसर दुधी द्रव येतो, आणि रसाची गोष्ट त्यावरून सुटली असणार. पण हृदय धडधडतच असतं. श्वासनलिकांचं जाळं शाबूत असतं. २०१३मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी पेंटेड लेडी फुलपाखराच्या जिवंत कोषांचे सीटी स्कॅन पुन्हा पुन्हा काढले. त्यांत श्वासनलिका अगदी सुरुवातीपासून स्पष्ट दिसत होत्या आणि दिवसागणिक वाढत होत्या. हे फुलपाखरू आपल्याकडेही आहे.

आपल्या प्रकरणाला महत्त्वाची आहे ती चेतासंस्था. ती विरघळत नाही. तिच्यात निवड होते. काही चेतापेशी मरतात, विशेषतः ज्यांचं काम संपलं त्या, म्हणजे खोट्या पायांना हलवणाऱ्यांपैकी काही. काही पेशी नव्याने जन्मतात. आणि पुष्कळशा पेशी जगतात, पण फांद्या छाटून. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची खरड छाटणी बघितली असेल तर चित्र डोळ्यांसमोर येईल: ओलांडा, म्हणजे वेलीची तारेवरची आडवी जाड फांदी, तोच, पण काडी, पानं सगळी गेलेली, आणि नवी फूट वेगळ्याच दिशेला. त्या पेशीचं आधीचं काम आणि नंतरचं काम यांचा संबंध असेलच असं नाही.

म्हणजे प्रश्न आता नेमका मांडता येतो. अळी जे शिकली ते ज्या जोडण्यांमध्ये साठलं होतं, त्या जोडण्या या छाटणीतून वाचतात का?

झटका आणि वास

वास निवडला एथिल अ‍ॅसिटेटचा. नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली उघडली की येतो तोच. पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांना हा वास द्यायचा आणि सोबत सौम्य विजेचा झटका, असं पुन्हा पुन्हा. मग इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या नळीत सोडायचं. एका फाट्यातून वास येतो, दुसऱ्यातून साधी हवा. अळी कुठल्या फाट्याने जाते ते नोंदवायचं.

यासोबत आणखी गट होते. काहींना नुसता वास, झटका नाही. काहींना नुसता झटका, वास नाही. काहींना दोन्ही नाही. ही वरवर कंटाळवाणी वाटणारी मांडणी नसती तर सगळा प्रयोग बाद झाला असता. झटका खाल्लेली अळी एकूणच भेदरट होत असेल, किंवा तो वासच मुळात कुणाला आवडत नसेल, तर ‘शिकली’ असं म्हणता येत नाही. वास आणि झटका यांची सांगड घातलेल्या गटानेच वास टाळला, तरच ते शिकणं.

तसंच झालं. सांगड घातलेल्या अळ्यांपैकी दर चारांतल्या साधारण तिघींनी वासाचा फाटा सोडून दुसरा धरला. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर दोघींनी धरला असता, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचायचा. प्रत्येक अळी हुशार निघाली असं नाही. पण गट म्हणून फरक ठसठशीत होता.

मग अळ्या कोषात गेल्या. तीन आठवड्यांहून जास्त काळ गेला. पतंग बाहेर आले. त्यांना पुन्हा तशाच दोन फाट्यांच्या नळीत सोडलं, आणि झटका-वासाच्या गटातल्या पतंगांनी तो वास टाळला. प्रमाणही जवळपास तेच, चारांत तीन.

इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अळीने तो वास घेतला होता तिच्या इवल्याशा, दिसेल न दिसेल अशा मिशांनी. पतंगाच्या लांबसडक मिशा कोषात नव्याने घडल्या, आणि त्यांतल्या वास टिपणाऱ्या पेशीही नव्या. म्हणजे ज्या नाकाने धडा घेतला ते नाक केव्हाच गेलं. तरी नव्या नाकातून आलेला तोच वास आत कुठे तरी ‘नको’ म्हणून ओळखला गेला. मला या सगळ्या प्रयोगातलं हे सर्वांत चक्रावणारं वाटतं, आणि याचा पुरता उलगडा त्या निबंधातही होत नाही.

कोष धुतले

आता पळवाट. कीटकशास्त्रात हा वाद फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शास्त्रज्ञ हॉपकिन्स यांनी मत मांडलं होतं की झाडं पोखरणारे भुंगेरे ज्या झाडात वाढले त्याच जातीच्या झाडाकडे अंडी घालायला परततात. लहानपणी खाल्लेल्याची चव मोठेपणी ओढ लावते. पटण्यासारखं आहे, आणि त्याला पुष्टी देणारे प्रयोगही झाले. पण पुढे केंब्रिजच्या सारा कॉर्बेट यांनी त्यात एक साधी शंका काढली. अळी ज्या वासात वाढली तो वास कोषाच्या कवचावर, फटीत, अंगातल्या द्रवात शिल्लक राहत असेल तर? कीटक बाहेर येता येताच तो हुंगतो आणि त्याला सरावतो. मग ती आठवण अळीची राहतच नाही. ती पंख वाळवत बसलेल्या कीटकाने नुकतीच केलेली ओळख ठरते. १९९९मध्ये बॅरन आणि कॉर्बेट यांनी फळमाशीवर जुना प्रयोग नव्याने करून दाखवलं की मेंथॉल घातलेल्या अन्नावर वाढलेल्या माश्यांची मेंथॉलशी झालेली जवळीक ही अशी बाहेर पडतानाची उसनवारी होती.

जॉर्जटाउनच्या तिघांनी ही पळवाट दोन्ही बाजूंनी बुजवली. झटके खाल्लेल्या अळ्यांचे कोष त्यांनी धुऊन काढले. बाहेर आलेले पतंग तरीही वास टाळत राहिले. उलट बाजूने, ज्यांनी आयुष्यात झटका पाहिला नव्हता अशा अळ्यांच्या कोषांना एथिल अ‍ॅसिटेट लावलं. त्यांतून आलेल्या पतंगांच्या वागण्यात काही फरक पडला नाही. म्हणजे उरलेल्या वासावर हे खापर फोडता येत नाही.

शिवाय या प्रयोगात एक अंगभूत ताकद होती, जी आधीच्या बऱ्याच प्रयोगांत नव्हती. चवीची आवड नुसत्या सवयीने लागू शकते. तिरस्कार लागायला झटका हवा, आणि झटका काही कोषाच्या कवचाला चिकटून राहत नाही.

तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या

निबंधातला हा भाग बातम्यांत फारसा आला नाही. माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा.

काही अळ्यांना हा धडा लवकर दिला, तिसऱ्या अवस्थेत. त्या दोन वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत पोचल्या तेव्हाही वास टाळत होत्या. म्हणजे धडा पक्का होता, कात टाकल्याने पुसला गेला नव्हता. पण त्याच अळ्यांचे पतंग झाले तेव्हा त्यांनी वास टाळला नाही. शेवटच्या अवस्थेत शिकलेलं कोषापलीकडे पोचलं, तिसऱ्या अवस्थेत शिकलेलं नाही.

लेखकांनी याचा संबंध मेंदूच्या एका भागाशी जोडला. कीटकाच्या मेंदूत मशरूम बॉडी नावाची एक जोडी असते. देठ आणि टोपी असलेल्या अळंबीसारखी दिसते म्हणून तिचं हे नाव. फ्रान्सच्या फेलिक्स द्युजार्दैंने १८५०मध्ये तिचं वर्णन केलं होतं. वास शिकणं आणि लक्षात ठेवणं हे काम मुख्यतः इथे चालतं. या भागातल्या पेशी एकदम जन्मत नाहीत. टप्प्याटप्प्याने, अळीच्या वयासोबत त्यांची भर पडत जाते. आधी जन्मलेल्या पेशींच्या फांद्या कोषात छाटल्या जातात. उशिरा जन्मलेल्या काही पेशी पतंगाच्या मेंदूत तशाच चालत राहू शकतात. तिसऱ्या अवस्थेतली अळी शिकली तेव्हा या उशिराच्या पेशी जन्मल्याच नव्हत्या, म्हणून तिचा धडा छाटणीत गेला. पाचव्या अवस्थेतल्या अळीने तोच धडा उशिराच्या पेशींतही नोंदवला आणि तो वाचला.

स्पष्टीकरण देखणं आहे. पण त्यात एक फट आहे. तिसऱ्या अवस्थेत शिकलेल्या अळीला पतंग होईपर्यंत जास्त दिवस जातात. मधले ते दिवस धडा आपोआप विसरायला पुरेसे असतील, तर मेंदूच्या बांधणीत शिरायचं कारणच उरत नाही. पाचव्या अवस्थेपर्यंत आठवण टिकली हा याला अर्धाच जबाब आहे, कारण त्यानंतरही कोषाचे आठवडे बाकीच असतात. मेंदूच्या पेशींबद्दलचं म्हणणं हा तर्क आहे, या प्रयोगाने केलेली सिद्धता नाही. निबंधातही ‘याच्याशी जुळतं’ अशीच जपून भाषा आहे. बातम्या करणाऱ्यांनी ती गाळली.

माशीच्या मेंदूने घातलेला खोडा

२०२३मध्ये जेम्स ट्रुमन आणि सहकाऱ्यांचं काम ‘ईलाइफ’मध्ये आलं. ट्रुमन हे या क्षेत्रातले जुनेजाणते. मॅन्ड्युकाच्या कोषात चेतापेशींचं काय होतं यावर त्यांनी आधी वर्षानुवर्षं काम केलं होतं. या वेळी त्यांनी फळमाशी घेतली, कारण तिच्या मेंदूतली एकेक पेशी जनुकीय युक्तीने रंगवून तिचा अळीपासून माशीपर्यंत पाठलाग करता येतो.

मशरूम बॉडीत माहिती आणणाऱ्या आणि तिथून निर्णय बाहेर नेणाऱ्या पेशी ठरावीक असतात. माशीच्या अळीत अशा ३२ प्रकारच्या पेशी १० कप्पे आखतात. प्रौढ माशीत कप्पे असतात १६. ट्रुमन यांच्या गटाने त्या ३२पैकी २८ पेशींचं पुढे काय झालं ते शोधून काढलं. काही मरतात. काही मशरूम बॉडी सोडून मेंदूत दुसरीकडे कामाला लागतात, पूर्णपणे वेगळ्या. काही त्याच भागात राहतात, पण दुसऱ्या कप्प्यात सरकतात. अळीत जी आणणारी पेशी ज्या नेणाऱ्या पेशीशी जोडलेली होती, ती जोडी प्रौढ माशीत एकही टिकत नाही. आठवण पलीकडे न्यायला शरीररचनेत जागाच दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

मग जॉर्जटाउनच्या पतंगांनी टाळलं ते काय?

माझं मत असं. माशीच्या मेंदूचा नकाशा पतंगाला जसाच्या तसा लावता येत नाही. माशीची अळी चार-पाच दिवसांत आटोपते, अंड्यातून येते तेव्हा तिच्या मशरूम बॉडीत सुरुवातीच्या एकाच प्रकारच्या पेशी असतात. मॅन्ड्युकाची अळी कित्येक पटींनी मोठी, तिचं अळीपणही लांब, उशिराच्या पेशी कामाला लागायला तिला वेळ मिळतो. पण उलट बाजूही सोडता येत नाही. वागण्याच्या प्रयोगात आकडे बोलतात, मेंदूतली जोडणी दिसत नाही. एक प्रयोगशाळा, एक वास, एक प्राणी, आणि चारांत तीन. मी पंच असतो तर कोष धुण्याच्या भागावर जॉर्जटाउनच्या बाजूने निकाल दिला असता आणि मेंदूच्या स्पष्टीकरणावर पुढची तारीख.

भीतीचं काय

आपल्याकडे या गोष्टीचा एक जुना अवतार आहे. कुंभारीण माशी अळी पकडून मातीच्या घरट्यात कोंडते, अळी भीतीने माशीचंच ध्यान करत बसते आणि ध्यान करता करता स्वतः माशी होते. कीटक-भृंग न्याय तो हाच. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही कुंभारीण शेवटची. कीर्तनात हा दृष्टांत अजून रंगतो, आणि अद्वैत सांगायला तो झकासच आहे. घरट्यात खरं काय घडतं ते मात्र बरंच रुक्ष: कुंभारीण अळीला डंख मारून लुळी करते, सोबत अंडं घालते, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं. जुन्या माणसांनी निरीक्षण चुकीचं केलं नव्हतं. अळी आत गेली, माशी बाहेर आली, हे त्यांनी बघितलंच होतं. मधला भाग झाकलेला होता.

जॉर्जटाउनच्या प्रयोगावरही तसंच ध्यान रंगवलं गेलं. ‘फुलपाखराला आपलं बालपण आठवतं’ अशा ओळी फिरल्या, काहींनी त्यातून माणसाच्या बालपणीच्या जखमांपर्यंत उडी मारली. प्रयोगात फुलपाखरू नव्हतं, बालपण नव्हतं. एक वास होता आणि तो टाळण्याची प्रवृत्ती होती. पतंगाला भीती ‘वाटली’ का, हे त्या नळीत मोजलेलं नाही.

शेतीच्या बाजूने मात्र हा प्रश्न हवेतला नाही. लिंबावर अंडी घालणारं फुलपाखरू पुढच्या पायांनी पानावर टकटक करून पानाची चव घेतं. लिंबू, बेल, कढीपत्ता ही ओळख ते जन्मासोबत घेऊन येतं, त्यात शिकण्याला फारशी जागा नाही. पण घाटेअळीसारखी कीड हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो असं काहीही खाते. तिचा पतंग अंडी घालायला कुठलं पीक निवडतो यात अळीपणीच्या अनुभवाचा वाटा असेल, तर हरभऱ्यावर वाढलेली पिढी पुन्हा हरभरा शोधेल. टोमॅटोत सापळा पीक म्हणून झेंडूच्या ओळी घालतो तेव्हा आपण पतंगाच्या याच निवडीवर पैज लावत असतो. जॉर्जटाउनच्या तिघांनीही अनेक पिकांवर जगणाऱ्या किडींचा हा मुद्दा आपल्या निबंधात काढला होता.

निकाल लावायचा तर प्रयोग असा लागेल: मॅन्ड्युकाच्या अळीत मशरूम बॉडीच्या उशिराच्या पेशी जन्मू द्यायच्या नाहीत, मग तिला पाचव्या अवस्थेत धडा द्यायचा. अळी शिकली पण पतंग विसरला, तर मेंदूचं स्पष्टीकरण खरं. पतंगाने तरीही वास टाळला, तर आठवण दुसरीकडे कुठे तरी साठते आणि सगळे चुकीच्या जागी शोधत होते. आणि तिसऱ्या अवस्थेच्या गटाला न्याय द्यायचा असेल, तर त्या अळ्यांची वाढ थंडीत मंदावून किंवा उबेत वेगाने उरकून शिकण्यापासून परीक्षेपर्यंतचे दिवस दोन्ही गटांना सारखे करावे लागतील.